‘ब्राझीलच्या सोयाबीननं लातूरचा भाव पाडला’: या मेसेजमधलं काय खोटं, काय खरं

खरिपाची काढणी सुरू झाली की एक मेसेज लातूर, धाराशिव, नांदेड, परभणीच्या शेतकरी ग्रुपवर फिरू लागतो. आशय असा: जागतिकीकरणानं सोयाबीन उत्पादकाला बुडवलं. ब्राझील-अर्जेंटिनाचं सोयाबीन आणून इथला भाव पाडतात. डब्ल्यूटीओमुळे (जागतिक व्यापार संघटनेमुळे) सरकारचे हात बांधलेत. आयात बंद केली तर भाव पुन्हा 10 हजारांवर जाईल. आपली करडई घालवून हे पीक आपल्यावर लादलं. मेसेजमागचा संताप रास्त आहे. पण त्यातलं निदान चुकलंय, आणि निदान चुकलं की मागणीही चुकते.

पहिलं म्हणजे ब्राझीलचं सोयाबीन आपल्याकडे येतच नाही. तिथलं पीक जवळपास सगळं जनुकबदल केलेलं, आणि तसं दाणे स्वरूपातलं सोयाबीन आणायला भारतात परवानगी नाही. आफ्रिकेतल्या काही देशांतून साधं सोयाबीन येतं, पण आपल्या सुमारे 120 लाख टनांच्या पिकापुढे ते थोडं आहे. येतं ते तेल: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयातेल, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल तेल. देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरचं असतं.

मग तेल अडवलं तर 10 हजार मिळतील का? इथं कागद-पेन घ्यावं लागतं. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण 18 किलो तेल आणि 80 ते 82 किलो पेंड निघते. हिशेबासाठी तेल 120 रुपये किलो आणि पेंड 32 रुपये किलो धरू. तेलाचे झाले 2,160, 80 किलो पेंडीचे 2,560. एकूण 4,720. यातून तेल गाळणाऱ्या प्लांटचा खर्च, वाहतूक, नफा गेल्यावर उरतं ते शेतकऱ्याचं. आता तेल किलोमागे 20 रुपयांनी महागलं तर क्विंटलला 360 रुपये वाढतात. पेंड किलोमागे 10 रुपयांनी वाढली तर 800. पेंड आहे तिथंच राहिली आणि नुसत्या तेलावर 10 हजार गाठायचे म्हटले, तर तेल 410 रुपये किलोच्या वर जायला हवं. तसं झालं तर त्याच शेतकऱ्याच्या घरात फोडणीला तेल उरणार नाही.

म्हणजे भाव ठरवण्यात पेंडीचा वाटा मोठा, आणि मेसेजमध्ये पेंडीचं नावच नाही. पेंड जाते कोंबडीखाद्याला आणि निर्यातीला. जगाचा भाव ठरतो अमेरिकेतल्या शिकागोच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत. तिथं सोयाबीन बुशेलला 10 डॉलर असेल तर, बुशेल 27.2 किलोचं धरून, टनाला 367 डॉलर होतात. डॉलर 85 रुपयांचा धरला तर क्विंटलला साधारण 3,120 रुपये. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. परदेशी गिऱ्हाईक अर्जेंटिनाची स्वस्त पेंड सोडून आपली घेईल ती फक्त जनुकबदल नसलेली हवी असेल तरच. जगाचा दाब आपल्या भावावर पडतो तो असा, एक दाणा आयात न करताही.

पेंडीला देशातही एक स्पर्धक उभा राहिलाय, तो डीडीजीएस. मका किंवा तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा हा सुका चोथा. त्यात प्रथिनं भरपूर आणि दर पेंडीपेक्षा बराच कमी, म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी खाद्यातली सोयापेंड कमी केली. हा माल परदेशी नाही.

‘2021 ला मिळालेच होते ना 10 हजार?’ मिळाले, पण कोणाला? जुलै-ऑगस्टमध्ये, हंगामाच्या शेवटी, माल संपत आला असताना आणि शिकागोही चढं असताना. बहुतेक शेतकऱ्यांचं सोयाबीन दिवाळीआधीच मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, गेलेलं असतं. मात्र त्याच ऑगस्टमध्ये केंद्रानं 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आणायला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. नवा माल तोंडावर असताना पेंड आणू देणं हा सरळ घाव होता. मेसेजनं हे लिहिलं असतं तर आम्ही तो स्वतः पुढे पाठवला असता.

‘डब्ल्यूटीओनं हात बांधलेत’ हे तर दिल्लीला सोयीचं खोटं आहे. करारानुसार भारत सोयातेलावर 45 टक्के आणि पामतेलावर 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावू शकतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं. मे 2025 च्या अखेरीस, पेरणी तोंडावर असताना, ते 10 वर आणलं. वाढवलं तेही दिल्लीनं, उतरवलं तेही दिल्लीनंच.

करडईबद्दल अर्धं खरं आहे. 1986 च्या तेलबिया मोहिमेनंतर देश तेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, 1998 मध्ये शुल्क 15 टक्क्यांवर आलं, आणि करडई, जवस, सूर्यफुलाचं कंबरडं मोडलं. पण काट्यांमुळे काढणीला न मिळणारे मजूर आणि मावा कीड हीही करडई जाण्याची कारणं होती. सोयाबीन कोणी लादलं नाही. शंभर दिवसांत रान मोकळं होतं आणि मागं हरभरा घेता येतो, म्हणून ते टिकलं. तेही बाहेरूनच आलेलं: 1960 च्या दशकात अमेरिकी वाण जबलपूर आणि पंतनगरला तपासले गेले, तिथून ते देशात पसरलं.

दाण्याच्या आयातीचाच राग असेल तर तो तुरीवर काढा. मे 2021 पासून तूर कोट्याच्या मर्यादेशिवाय येऊ लागली, मोझांबिक, म्यानमार, मलावीशी वार्षिक खरेदीचे करार झाले. लातूरच्या डाळमिलच्या दारात ती आपल्या तुरीशी थेट भिडते. यावर एवढा मोठा मेसेज का फिरत नाही?

शेवटचा मुद्दा, ‘मोंढ्यात कमी मिळतो तो आयातीमुळेच’. ग्रुपवर येणारा प्लांटचा भाव 10 हवा, 2 माती, 2 डागी या अटीचा असतो, म्हणजे 10 टक्के ओलावा, 2 टक्के माती-कचरा, 2 टक्के डागी दाणे. ताज्या मळणीच्या मालात 16 हवा असेल तर 10 क्विंटल माल 10 हवेवर आणताना 9 क्विंटल 33 किलोच भरतो. हा 67 किलोंचा फरक व्यापारी भावात आधीच कापून घेतो. हमीभाव केंद्राची मर्यादा 12 टक्के. म्हणून ताडपत्रीवर पातळ थर करून दोन-तीन उन्हं द्या, दिवसातून तीनदा पाय फिरवा. दाणा दाताखाली चेपला तर ओला, कट्ट करून फुटला तर वाळलेला. काट्यावर हवा मोजताना कट्ट्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या मालाची मूठ एकत्र करून मशीनमध्ये टाकायला सांगा. नुसत्या वरच्या मुठीवर सौदा करू नका.