भोंग्याची गाडी थांबत का नाही?

दादा, नमस्कार.

प्रचाराला लोक विटलेत, तो आखडता घ्यावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हा वीट शहरातल्या सुखवस्तू लोकांचा. तुमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात पुढारी पाच वर्षांतून एकदा येतो, आणि तोही लवकर जावा असं मला वाटतं, असा तुमचा आक्षेप. तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. प्रचार नसेल तर उमेदवार गावाची वाट धरणारच नाही. मी भोंगे, बॅनर आणि फोनवरचे रेकॉर्ड केलेले आवाज यांच्यावरच लिहीत बसले, हे लिहायचं राहून गेलं. चूक माझी.

पण वीट सुखवस्तूंनाच येतो, हे पटत नाही.

एप्रिल २०२४, लोकसभेची निवडणूक. नागपूरच्या कडेचा आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वस्ती. नळ नाही, टँकर दोन दिवसांआड. शेजारच्या मावशी सकाळी सातपासून पाण्याचे गुंड (हंडे) लावून रांगेत उभ्या होत्या. प्रचाराची गाडी आली, वर उमेदवार हात जोडून उभे. मावशी गाडीसोबत वीसेक पावलं चालत गेल्या. "साहेब, पाण्याचं बघा ना." गाणं बंद झालं नाही, गाडीही थांबली नाही. मागच्या पोराने हातात पत्रक दिलं. ते त्यांनी चुंबळीत खोवलं आणि परत रांगेत येऊन उभ्या राहिल्या. तीच गाडी त्या आठवड्यात रोज दोनदा यायची. सांगा दादा, अशी गाडी आणखी महिनाभर फिरली असती तर मावशींचं म्हणणं कोणाच्या कानी गेलं असतं?

आमच्याकडच्या जलवाहिनीचं काम मंजूर होतं, काम सुरू करायचा कार्यादेश तेवढा निघायचा होता. कार्यालयात जावं तर एकच उत्तर, आचारसंहिता आहे, जूनमध्ये या. ती लागली १६ मार्चला. आम्ही १९ एप्रिलला मतदान करून मोकळे झालो, पण सात टप्पे संपून ४ जूनला निकाल लागेपर्यंत पुढचे ४६ दिवस आमचं काम तसंच पडून. सुरू झालेली कामं चालू राहतात, नवीन सुरू करता येत नाहीत, असा नियम आहे. नियम योग्यच आहे, नाहीतर सत्तेतले लोक ऐन मतदानाच्या तोंडावर नारळ फोडत सुटतील. पण तो इतके दिवस लागू राहिला की त्याची झळ टँकरच्या रांगेला बसते.

आता आकडे बघा. लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ जागांसाठी पाच दिवस मतदान झालं. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेच्या २८८ जागांचं मतदान एका दिवसात उरकलं. लोकसभेला सुरक्षा दलं देशभर फिरवावी लागतात, हे कारण खरं आहे. लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा येतात, तेव्हा उमेदवाराला दिवस जास्त लागणार, हेही खरं. पण विधानसभेला अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि १८ ला संध्याकाळी प्रचार थांबला. हे दोन आठवडे कायद्यातलेच आहेत. १९९६ पर्यंत किमान २० दिवस होते, ते १४ केले. तरी मतदान सुमारे ६६ टक्के झालं, लोकसभेला ६१ च्या आसपास होतं. त्याला इतरही कारणं असतील, उन्हाळा तर होताच. पण प्रचार आखडला म्हणून लोक घरी बसले, असं काही दिसलं नाही.

तेव्हा तुमच्या गावात पुढारी यावा, जरूर यावा. पण गाडीतून उतरावा, भोंगा बंद करावा, तासभर पारावर बसून लोकांचं ऐकावं. तुमच्याकडे आलेले उमेदवार खाली उतरले होते का, कोणी काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, ते नक्की लिहा. मी ते लेखाच्या खाली जोडीन.

आणि मावशींचं सांगायचं राहिलं. नोव्हेंबरातही त्या मतदानाला गेल्या. त्या दिवशी टँकर होता, म्हणून सकाळी सातलाच केंद्रावर पोचल्या. टँकरच्या रांगेत त्यांचे गुंड मी सांभाळत होते.