डाळ-तांदळाबरोबर सायकल

सायकल घ्यायची असेल, तर पेठेतल्या सायकलच्या दुकानात मुळीच जाऊ नये. तिथला मालक आधी आपली उंची न्याहाळतो, रोज किती अंतर जायचे आहे हे विचारतो आणि एवढ्यासाठी गिअर कशाला हवेत, असे म्हणून आपल्या उत्साहावर पाणी ओततो. त्यापेक्षा मॉलचा दुसरा मजला गाठावा. तिथे कुकर आणि प्रवासी बॅगा यांच्या मधोमध एकवीस गिअर, पुढे-मागे सस्पेन्शन आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली सायकल 6,499 रुपयांत उभी असते. मी गेल्या महिन्यात तांदूळ आणायला गेलो आणि ती घेऊन आलो.

उचलून पाहू नये.

तेवढ्याच पैशांत चांगल्या कंपनीची वापरलेली सायकल मिळते, असे कोणी सुचवले तर विषय बदलावा. आपल्याला दुसऱ्याने वापरलेली सायकल चालत नाही, फ्लॅट मात्र चालतो.

जोडणीची चिंता तर मुळीच करू नये. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचे चाक आणि पेडल नंतर बसवायची असतात, आणि मॉलमध्ये हे काम जो मोकळा असेल तो करतो. आता, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाय मारता मारता ते सैल होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि गफलत होऊ नये म्हणून पेडलांवर बहुधा ‘एल’ आणि ‘आर’ अशी अक्षरेही कोरलेली असतात. माझ्या वेळी मोकळा असलेला गृहस्थ अक्षरांच्या भानगडीत पडला नाही. त्याने उजवे पेडल डाव्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्या दांडीला बसते तिच्यात, पान्याने रेटून बसवले. चौथ्या दिवशी कर्वे रस्त्यावर, मागे बस हॉर्न वाजवीत असताना, ते माझ्या पायाखालून निखळले. क्रँकच्या भोकात आट्यांऐवजी लोखंडाचा चकचकीत कीस उरला होता.

तक्रार घेऊन गेलो, तेव्हा पेडल ही झिजणारी वस्तू आहे आणि वॉरंटी फक्त फ्रेमला आहे, असे मला अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले.

चार दिवसांत काय झिजते हो? शेवटी पेठेतल्याच मिस्त्रीने नवा क्रँक आणि पेडल बसवले, दोन्ही चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढला, आणि हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडला तर आतले बेअरिंगचे छर्रे कोरडे ठणठणीत होते. त्याचे 1,150 रुपये झाले. जवळजवळ त्याच एकूण पैशांत त्याच्याकडे बिनगिअरची साधी सायकल होती, आणि ती त्याने सीट व ब्रेक जुळवून हातात दिली असती. तांदळात खडे निघाले तर ते निवडता येतात. पण मॉलवाल्यांनो, जिच्यावर बसून माणूस बस आणि टँकर यांच्या मधून जाणार आहे, ती वस्तू पाना कसा धरावा हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून जोडून घ्यायला तुम्हाला लाज वाटायला हवी होती. त्या मजल्यावर अशाच आणखी अकरा सायकली ओळीने उभ्या आहेत. त्या विकण्यापूर्वी निदान त्यांची पेडल तरी कोणा मिस्त्रीला दाखवा.