ब्राउझर बंद करताना एरर आली म्हणून रॅम घासू नका

सोलापुरातल्या कर सल्लागारांच्या, ई-सेवा केंद्रवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. रिटर्न भरायचे दिवस आले की तो पुन्हा वर येतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 'ब्राउझर बंद करताना "द मेमरी कुड नॉट बी रेड" असा बॉक्स येतो का? सावधान! तुमची रॅम खराब झाली आहे किंवा व्हायरस शिरून बँकेचे पासवर्ड चोरतो आहे. ताबडतोब रॅम काढून खोडरबराने घासा, व्हर्च्युअल मेमरी दुप्पट करा, रजिस्ट्री क्लीनर चालवा, फ्लॅश प्लेअर अपडेट करा. यापुढे ब्राउझर टास्क मॅनेजरमधूनच बंद करा. तरीही गेले नाही तर विंडोज फॉरमॅट करा.' खाली एक मोबाइल नंबर, घरबसल्या दुरुस्तीसाठी.

दुकानांची आणि कारखान्यांची कॉम्प्युटर बघणे हेच माझे काम, त्यामुळे या मेसेजचा प्रसाद मला रोज मिळतो. 'रॅम गेली का ओ?' असे विचारतच माणूस मशीन उचलून आणतो. कधी कधी तोवर घासूनही झालेली असते.

पहिला दावा रॅमचा, म्हणजे चालू काम तात्पुरते ठेवणाऱ्या मेमरीच्या पट्टीचा. हा बॉक्स नीट वाचला तर त्यात दोन लांबलचक आकडे दिसतात: अमुक पत्त्यावरच्या सूचनेने तमुक पत्त्यावरची मेमरी मागितली, ती वाचता आली नाही. कधी 'रेड'च्या जागी 'रिटन' असते. लोकांना वाटते, हा पत्ता रॅमच्या पट्टीवरच्या एखाद्या जागेचा, आणि ती जागा जळाली. पण विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र, काल्पनिक पत्त्यांचा पट्टा देते. तुमच्या मशीनमध्ये रॅम ४ जीबीच असेल, तरी ६४ बिट ब्राउझरच्या एकेका प्रोसेससाठी हा पट्टा १२८ टीबीचा असतो. त्यातल्या बहुतेक पत्त्यांमागे काहीच नसते. प्रोग्रॅमने अशा रिकाम्या पत्त्यावर हात घातला की विंडोज त्याला तिथेच थांबवते आणि बॉक्स दाखवते. रॅम शाबूत असतानाही हे होते, नवी पट्टी टाकली तरी होते.

बऱ्याचदा दुसरा आकडा नुसत्या शून्यांचा, किंवा शेवटी एखादाच अंक असलेला दिसतो. ही तर प्रोग्रॅमरची चूक असल्याची ठळक खूण. पत्ता भरायचा राहिला आणि प्रोग्रॅम 'शून्य' पत्त्यावर गेला. नेमके हेच पकडता यावे म्हणून विंडोज पट्ट्याच्या सुरुवातीचे ६४ केबी कुणालाच देत नाही. शून्य पत्त्याची ही सोय टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एका प्रोग्रॅमिंग भाषेत आणली, आणि २००९ मध्ये त्यानेच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. त्या चुकीचा हिशेब नवी पेठेत रॅमच्या पावतीवर फाडण्याचे कारण नाही.

रॅम कधीच बिघडत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसांत कॉम्प्युटर उघडला की आत सुताचा तूस बसलेला असतो. पंखा गुदमरतो, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४३-४४ वर गेला की आतल्या भागांचे काय होत असेल ते सांगायला नको. तिथे रॅम, बोर्ड, पॉवर सप्लाय सगळ्यांवरच संशय घ्यावा लागतो. पण खरोखर रॅम गेलेली असली की मशीन ब्राउझर बंद होण्याची वाट बघत बसत नाही. टॅली चालू असताना कोसळते, फाइल कॉपी करताना चुका होतात, निळी स्क्रीन येते, कधी विंडोजच उठत नाही. दिवसभर सगळे सुरळीत आणि फक्त ब्राउझर बंद करताना बॉक्स, असे असेल तर पट्टीला हात लावू नका. शंका फिटत नसेल तर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधून चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी होते आणि पैसे लागत नाहीत.

खोडरबराचे म्हणाल तर स्लॉटमध्ये सैल बसलेली किंवा गंजलेली पट्टी पुसल्यावर मशीन चालू झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे. मात्र तो चालू न होणाऱ्या मशीनचा उपाय आहे. व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा, दुप्पट करण्याचेही तसेच. मेमरी कमी पडली तर विंडोज किंवा ब्राउझर 'मेमरी अपुरी आहे' असेच सांगतो. चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या प्रोग्रॅमला कितीही जागा वाढवून दिली तरी तो त्याच चुकीच्या पत्त्यावर जाणार.

मग हे बंद करतानाच का होते? मेसेज लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडलेला नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

ब्राउझर एकटा चालत नाही. त्याच्या पोटात बाहेरच्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या डीएलएल फाइली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारे कोडचे तुकडे, जाऊन बसतात: अँटिव्हायरसची, ग्राफिक्स ड्रायव्हरची, डिजिटल सहीच्या टोकनची, स्क्रीन रेकॉर्डरची. आपल्याकडे त्यात आणखी एक भर असते, मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची. कळफलकावरची प्रत्येक कळ आधी आपल्याकडे यावी म्हणून असे जुन्या पद्धतीचे सॉफ्टवेअर विंडोजमध्ये हुक लावते, आणि त्या हुकाबरोबर त्याची डीएलएल प्रत्येक उघड्या प्रोग्रॅममध्ये शिरते. अशोक चौकातल्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे मराठीसोबत तेलुगू आणि कन्नडचीही सोय असते, तीही कधी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. म्हणजे एका ब्राउझरमध्ये तीन पाहुणे.

खिडकी बंद केली की ब्राउझर एकेक गोष्ट आवरायला घेतो, आणि त्या आवराआवरीला क्रम असतो. गड्ड्याची जत्रा उठताना होम मैदानावर पाळणा खोलायला घेतला आणि वरच्या डब्यात माणूस अजून बसलेलाच असला, तर जे होईल तेच इथे होते. पाहुण्याची डीएलएल मेमरीतून काढली गेली, पण तिचे एखादे काम मागे चालूच राहिले, किंवा ब्राउझरने तिला शेवटची हाक मारली. त्या पत्त्यावर आता काहीच नाही. आला बॉक्स. दिवसभर काम करताना ती डीएलएल जागेवर असते, म्हणून तेव्हा काही बिघडलेले दिसत नाही.

हा माझा तर्क नव्हे. क्रोमच्या टीमने नोव्हेंबर २०१७ मध्येच जाहीर केले होते की विंडोजवर क्रोम वापरणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या मशीनवर क्रोमशी संबंध ठेवणारी इतर सॉफ्टवेअर असतात, आणि क्रोममध्ये आपला कोड घुसवणारे सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे असते त्यांचा ब्राउझर कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त असते. अशी घुसखोरी टप्प्याटप्प्याने रोखण्याचा बेतही त्यांनी तेव्हाच मांडला होता.

गंमत म्हणजे गुन्हेगाराचे नाव बहुतेक वेळा विंडोजने लिहून ठेवलेले असते, फक्त कुणी बघत नाही. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. बॉक्स आला त्या तारखेखाली लाल फुली असेल, तिचा तपशील उघडा. 'एक्सेप्शन कोड' या ओळीत सी, मग सहा शून्ये आणि शेवटी ५ असेल, तर प्रकार हाच, चुकीच्या पत्त्याचा. त्याच्या आसपास 'फॉल्ट मॉड्यूल नेम' अशी ओळ असते. सगळी तपासणी या एका ओळीसाठी करायची. तिथे एखाद्या डीएलएलचे नाव असून पुढे 'अनलोडेड' असे चिकटलेले दिसले तर प्रश्नच मिटला: काढून टाकलेल्या फाइलला हाक गेली होती. त्या नावावरून सॉफ्टवेअर शोधा. आधी त्याची नवी आवृत्ती टाका, जमले नाही तर ते काढून दुसरे घ्या. मराठी टायपिंगसाठी तर विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचे मराठी कळफलक आहेत, फोनेटिकसुद्धा.

एक सावधगिरी. त्या ओळीत 'एनटीडीएलएल' हे नाव फार वेळा दिसते. ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. घोळ दुसऱ्याने घातलेला असतो आणि तो उघडा पडतो तिच्या दारात. तिचे नाव बघून विंडोज बिघडली असे ठरवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. अशा वेळी वगळत वगळत जावे लागते. फायरफॉक्स शिफ्ट दाबून उघडला तर ट्रबलशूट मोडमध्ये, एक्स्टेन्शनशिवाय (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय), सुरू होतो. क्रोममध्ये आणि एजमध्ये नवे प्रोफाइल करून बघा. बॉक्स थांबला तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या प्रोफाइलचा. थांबला नाही तर सेटिंगमधल्या 'सिस्टिम'खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हरचा निकाल लागतो. तरीही येतच राहिला तर बाहेरचे पाहुणे बघायचे. फायरफॉक्समध्ये वेबसाइटचा पत्ता लिहायच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', कोलन, 'थर्ड-पार्टी' असे टाइप केले की पाहुण्यांची यादीच समोर येते. नुसते इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून 'तिथेही येतो, म्हणजे हार्डवेअरच' असे म्हणू नका. इन्कॉग्निटोत एक्स्टेन्शन बंद असतात, हुक लावणाऱ्या डीएलएल तिथेही येतात.

आता पासवर्डचोरी. पासवर्ड पळवणाऱ्या प्रोग्रॅमचा सगळा धंदा गुपचूप राहण्यावर चालतो, रोज संध्याकाळी बॉक्स दाखवून त्याचा काही फायदा नाही. तो भिकार लिहिलेला असेल तर कोसळूही शकतो, हे मान्य. म्हणूनच पुन्हा तीच ओळ बघायची. मॉड्यूलचे नाव निरर्थक अक्षरांचे असेल आणि ती फाइल 'टेम्प' फोल्डरमध्ये बसलेली असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधले ऑफलाइन स्कॅन चालवा. मात्र नाव तुमच्याच अँटिव्हायरसचे निघाले तर दचकू नका. एकाच मशीनवर दोन-दोन अँटिव्हायरस, एक विकतचा आणि एक मशीनबरोबर फुकट आलेला, हे दृश्य दुकानांत सर्रास दिसते. त्यातला एक काढा.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणाऱ्या क्लीनरबद्दल फार लिहायला नको. अशा सॉफ्टवेअरच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवले आहे. फ्लॅशचा, म्हणजे वेबपानांवर व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा, सल्ला वाचून मेसेजचे वय कळते. ॲडोबीने फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचा मजकूर चालणेच बंद केले. आज 'फ्लॅश अपडेट' म्हणून जे काही मिळेल ते फ्लॅश नसेल एवढे नक्की, आणि मग मेसेजमधला व्हायरसचा दावा खरा ठरेल. तो सल्ला इंटरनेट एक्सप्लोररच्या काळातला आहे, आणि एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. तुमचे मशीन अजून विंडोज ७ वर असेल तर क्रोम तिथे १०९ व्या आवृत्तीवर थांबला आहे. नव्या आवृत्त्यांत झालेल्या दुरुस्त्या तुमच्यापर्यंत येतच नाहीत, हे लक्षात घेऊन पुढचे ठरवा.

सगळ्यात नुकसानकारक सल्ला टास्क मॅनेजरचा, म्हणजे चालू प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करता येणाऱ्या विंडोजच्या खिडकीचा. 'एंड टास्क' केले की ब्राउझरला आवराआवरीची संधीच मिळत नाही, म्हणून बॉक्स येत नाही. पण त्या आवराआवरीतच शेवटच्या कुकी, उघडे टॅब आणि सेटिंग डिस्कवर लिहून होतात. दुसऱ्या दिवशी 'क्रोम नीट बंद झाला नाही, पाने परत आणू का?' अशी पट्टी येते, लोक तिलाही व्हायरस समजतात आणि मेसेज आणखी दोन ग्रुपांवर जातो. ही पट्टी लाइट गेल्यावर किंवा मेन स्विच पाडून दुकान बंद केल्यावरही येते. तिचा पत्त्यांच्या घोळाशी संबंध नाही. अर्धवट भरलेला फॉर्म सोडताना 'बदल सेव्ह होणार नाहीत' असे विचारणारी चौकट तर एरर नव्हेच, ती वेबसाइटने विचारलेली साधी शंका आहे.

फॉरमॅटने बॉक्स जातो का? जातो, कारण सगळे पाहुणे एकदमच जातात. मग टोकन, प्रिंटर आणि टायपिंगचे तेच सॉफ्टवेअर त्याच जुन्या पेन ड्राइव्हवरून परत टाकले जाते आणि बॉक्स हजर. मधल्या वेळात सिंक न केलेले बुकमार्क आणि पासवर्ड गेलेले असतात. फॉरमॅटचे पैसे घेणाऱ्यानेच महिन्याभरात पुन्हा फॉरमॅट सुचवल्याचे मला एकाहून अधिक गिऱ्हाइकांनी सांगितले आहे.

राहिला तळाचा मोबाइल नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये कधीही फोन नंबर नसतो. या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस मशीनचा ताबा देणारे ॲप टाकायला सांगेल, आणि तुमचे बँकेचे पान तेव्हा उघडेच असेल. ॲप टाकून बसला असाल तर नेटची वायर काढा, दुसऱ्या मोबाइलवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन लावा; जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.