'रिकाम्या बस' आणि बाबांचा फॉरवर्ड

'बस म्हणजे पांढरा हत्ती' या मथळ्याचा एक मेसेज महिनाभर फिरतोय. तीनदा आला, तीनदा न वाचता सोडून दिला. चौथ्यांदा तो बाबांकडून आला, खाली 'अगदी बरोबर' असं लिहून. बाबांनी तीस वर्षं नोकरी बसने केली. आजही अकराच्या बसने मित्राकडे जातात, खिशात पास असतो. आता उत्तर देणं भाग आहे.

मेसेजचा पहिला मुद्दा: 'निम्म्या फेऱ्या रिकाम्या धावतात. त्या बंद करा, तोटा आपोआप संपेल.' सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडतात आणि सगळ्यात जास्त वाटोळंही यानंच होतं.

रिकामी बस लोकांना दिसते कुठे? मार्गाच्या टोकाला, भर दुपारी, नाहीतर गर्दीच्या उलट दिशेने जाताना. सकाळी ठासून भरून आलेली गाडी पुढची गर्दी आणायला परत फिरते, ती रिकामीच जाणार. ती फेरी बंद केलीत तर पुढची भरलेली फेरी आणणार कुठून? शेवटच्या थांब्यावर चार जण उतरताना बघून 'बसमध्ये चारच माणसं होती' म्हणायचं, म्हणजे नाटक संपल्यावर नाट्यगृहात डोकावून प्रेक्षकच नव्हते म्हणण्यातला प्रकार.

दुसरं असं की गाड्या किती लागणार हे गर्दीच्या दोन-तीन तासांवरून ठरतं. दुपारची फेरी रद्द केल्यानं गाडीच्या कर्जाचा हप्ता, आगाराचा खर्च, मेकॅनिकचा पगार यातलं काहीच कमी होत नाही. वाचतं ते इंधन आणि जमलंच तर ड्युटीचे थोडे तास. जातं मात्र बरंच. रात्री साडेदहाची शेवटची बस काढून टाकली की तिच्यातले सात प्रवासी सकाळच्या बसलाही येत नाहीत. परत यायची खात्री नसेल तर माणूस सकाळीच दुचाकी काढतो. मग सकाळचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, घसरतं, तीही फेरी 'तोट्याची' ठरते आणि पुढच्या यादीत तिचं नाव लागतं.

हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञानं 1972 साली हेच चक्र दुसऱ्या बाजूने मांडलं. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की थांब्यावर प्रत्येकाचं ताटकळणं कमी होतं. म्हणजे नवा प्रवासी जुन्याचाही वेळ वाचवतो. बसला सार्वजनिक पैसा देण्यामागचा एक मोठा अर्थशास्त्रीय आधार हा आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं त्याला 'फुकट खैरात' म्हटलंय.

बाबांना विचारलं, अकराच्या बसला किती जण असतात? म्हणाले, 'आठ-दहा.' म्हटलं, मग मेसेजप्रमाणे पहिली तीच जाणार. 'नाही रे, ती कशी बंद करतील,' म्हणाले.

दुसरा मुद्दा: 'बाजार खुला करा, स्पर्धेनं सेवा सुधारेल.' हा प्रयोग एका अख्ख्या देशानं करून झालाय. ब्रिटनमध्ये 1985 च्या वाहतूक कायद्यानं 26 ऑक्टोबर 1986 पासून बस खुली झाली. कोणीही नोंदणी करावी, हव्या त्या मार्गावर हव्या त्या वेळी गाडी चालवावी. फक्त लंडन वगळलं. तिथे मार्ग, वेळापत्रक आणि भाडं सार्वजनिक संस्थेनं ठरवायचं आणि कंपन्यांनी निविदा भरून गाड्या चालवायच्या, ही पद्धत रुळली. पुढच्या तीसेक वर्षांत लंडनमधला बसप्रवास साधारण दुप्पट झाला. बाहेरच्या मोठ्या महानगरांमध्ये तो जवळपास निम्म्यावर आला. कमाईच्या रस्त्यावर कंपन्यांची झुंबड उडाली आणि संध्याकाळच्या फेऱ्यांसाठी स्थानिक प्रशासनाला पदरचे पैसे मोजावे लागले.

लंडनची लोकसंख्या वाढली, 2003 पासून तिथे मध्यवर्ती भागात येणाऱ्या गाड्यांवर कोंडी शुल्क आलं, पैसाही जास्त ओतला गेला, हे मान्य. खुल्या बाजारात किलोमीटरमागचा खर्च उतरला, हेही मान्य, नाइलाजानं. पण खाजगी कंपन्या दोन्हीकडे होत्या. फरक वेळापत्रक कोणाच्या हातात, एवढाच. लंडनबाहेरच्याच ग्रेटर मँचेस्टर या महानगरानं ते सप्टेंबर 2023 पासून टप्प्याटप्प्यानं परत घेतलं आणि 5 जानेवारी 2025 ला काम पूर्ण केलं. स्पर्धेनं इतकं भलं झालं होतं तर हा खटाटोप कशाला केला असता?

तिसरा मुद्दा वाचून हसू आलं: 'बसऐवजी ॲपच्या टॅक्सीला अनुदान द्या, स्वस्त पडेल.' कॅनडातल्या इनिसफिल या छोट्या गावानं 2017 मध्ये बस सुरू करण्याऐवजी उबरशी करार केला. लोकांना सोय आवडली आणि तिथेच घोडं अडलं. बसमध्ये वीस प्रवासी वाढले तरी चालक एकच लागतो, टॅक्सीत प्रत्येक फेरीमागे गावाचं बिल वाढतं. 2019 मध्ये भाडं वाढवून माणशी महिन्याला 30 फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली. रोज कामावर जाऊन परत यायचं तर 30 फेऱ्या पंधरा दिवसांतच संपतात.

'बसमुळे कोंडी होते' हा चौथा. बसमधली चाळीस माणसं मोटारीत बसवा, एकेका मोटारीत दीड जण धरा आणि रांग मोजा. थांब्याच्या जागेवर मोटारी उभ्या असतात म्हणून बस रस्त्याच्या मध्येच थांबते, तो त्रास मात्र खरा आहे.

'चालक-वाहकांचे पगार सगळं खातात' यात अर्धं सत्य आहे. पगार हा बहुतेक बससेवांचा मोठा खर्च असतोच. पण ताशी 20 किलोमीटरने जाणारी बस कोंडीत 10 ने जाऊ लागली, तर तेवढ्याच फेऱ्यांना जवळपास दुप्पट गाड्या आणि दुप्पट चालक लागतात. तो जादा पगार कोंडीच्या खात्यात टाका, चालकाच्या नावावर नको.

सहावा, 'इलेक्ट्रिक बस आली की तोटा गेला'. चालवायचा खर्च कमी, विकत घ्यायची किंमत जास्त, आणि कोंडीत तीही डिझेलच्या बसमागेच उभी.

सातवा मुद्दा, 'हा मेसेज दहा जणांना पाठवा', तेवढा मात्र सगळ्यांनी मनापासून पाळलाय.