रोज रात्री बंद होणारा, तरी एक्केचाळीस दिवस चालू असलेला कॉम्प्युटर

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी उगवतो. सुप्रभातची फुलं आणि जिरावण भुरभुरलेल्या पोह्यांचे फोटो यांच्या मधोमध. मजकूर साधारण असा: ‘कॉम्प्युटरचे अपडेट ताबडतोब बंद करा. मशीन मुद्दाम मंद करून तुम्हाला नवं घ्यायला लावायचा हा कंपन्यांचा डाव आहे. जे चालतंय त्याला हात लावू नका. चांगला अँटिव्हायरस टाका, पुरे. जुलै २०२४ मध्ये विमानतळ कशाने ठप्प झाले? अपडेटनेच! लिनक्सवाल्यांना अपडेट लागतच नाही. आणि आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?’ खाली पुस्ती: ‘आयटीतल्या भाच्याने सांगितलं आहे.’

मी रामबागेत आणि आसपास लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतो. दोन सीए, एक दवाखाना, एक शिकवणी वर्ग आणि बरेच काका. हा मेसेज फिरला की आठवडाभर मला फोन येतात, ‘ते अपडेट बंद करून दे रे.’ प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मंद होण्याचं आधी घेतो, कारण ते साफ खोटं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग आम्ही अपडेटमधून कमी केला. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. पण लोकांना नीट सांगितलं नव्हतं, आणि फ्रान्सने २०२० मध्ये त्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड केला. भाच्याचा संशय काही हवेतून आलेला नाही.

लगेच पुढच्या महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, ‘मेल्टडाउन’ बाहेर आलं. प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी परवानगी तपासून होण्याआधीच पुढचं काम करून बघतो. नंतर ते रद्द केलं तरी त्याचा माग मागे उरतो, आणि त्या मागावरून साधा प्रोग्रॅम कर्नलच्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीत काय आहे ते वाचू शकत होता. दोष चिपमध्येच, आणि लोकांच्या घरातल्या चिपा कोण बदलणार? मग कर्नलने आपल्या मेमरीचा तक्ता वेगळा केला. प्रोग्रॅमने कर्नलला हाक मारली की तक्ता बदला, काम झालं की परत बदला. याला वेळ लागतोच. मायक्रोसॉफ्टने तेव्हा उघड सांगितलं होतं की २०१५ च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या मशीनवर विंडोज ७ आणि ८ वापरणाऱ्या बहुतेकांना फरक जाणवेल. म्हणजे हो, अपडेटने मशीन मंद झालं. पण ते कशाच्या बदल्यात झालं, हे फॉरवर्डमध्ये नसतं. (आमच्या काकालोकांची मशीन मात्र मंद असतात ती वेगळ्याच कारणाने. चार जीबी रॅम, फिरणारी जुनी डिस्क आणि ब्राउझरमध्ये उघडे ठेवलेले तीस टॅब. त्यावर एकही अपडेट न येता ती तशीच राहतील.)

‘जे चालतंय त्याला हात लावू नका’ हे वाक्य मला मनापासून आवडतं. स्कूटर, मिक्सर, आजीचं शिलाई मशीन, सगळ्यांना लागू आहे. कर्नलला नाही. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो गाभा, जो मेमरी वाटतो, डिस्क आणि नेटवर्क हाताळतो आणि कोणाला काय करायची मुभा आहे ते ठरवतो. त्यात कोट्यवधी ओळी आहेत, आणि त्यातली चूक झिजून होत नाही. ती पहिल्या दिवसापासून आत असते, फक्त कोणाला दिसलेली नसते. ‘इतकी वर्षं चालतंय’ याचा अर्थ ‘पक्कं आहे’ असा होत नाही.

लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यातल्या ‘डर्टी काउ’ नावाच्या दोषाचंच बघा. दोन प्रोग्रॅम एकच फाइल वाचत असतील तर कर्नल मेमरीत एकच प्रत ठेवतो. कोणी लिहायला गेला, तरच त्याला वेगळी नक्कल करून देतो. या नक्कल करण्याच्या क्षणी अगदी छोटी फट राहत होती. एकीकडून लिहायचा आणि दुसरीकडून ती नक्कल फेकायचा सपाटा लावला, की जी फाइल फक्त वाचायची परवानगी आहे तिच्यातच लिहिता यायचं. तिथून मशीनचा पूर्ण ताबा. हे भोक निदान २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून होतं आणि सापडलं ऑक्टोबर २०१६ मध्ये, तेही कोणीतरी त्याचा वापर करतंय हे आढळल्यावर. लिनस टोरवाल्ड्सने दुरुस्ती करताना नोंदवून ठेवलंय की हाच दोष आपण अकरा वर्षांपूर्वी बुजवायचा प्रयत्न केला होता, पण दुसरीकडे अडचण आली म्हणून तो बदल मागे घ्यावा लागला. कर्नल ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट इतकी वर्षं राहून गेली!

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे, आणि तो मी आजवर कोणत्याच फॉरवर्डमध्ये वाचलेला नाही. दुरुस्ती बाहेर पडली की ती जशी आपल्याला मिळते तशीच चोरालाही मिळते. तो जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघतो. बदल जिथे, भोक तिथे. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. त्याच्या दुसऱ्या दिवसाला या धंद्यातले लोक ‘एक्स्प्लॉइट वेन्सडे’, म्हणजे भोकाचा फायदा उठवायचा बुधवार, म्हणतात, ते उगाच नाही. लिनक्समध्ये तर कोडच उघडा, तुलना आणखी सोपी. कालपर्यंत जे भोक दोघा-चौघांना ठाऊक होतं ते आज शोधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झालं, आणि आपलं मशीन मात्र कालच्याच जागी. हात न लावून आपण होतो तिथे राहत नाही, मागे सरकतो.

फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या व्हायरसची तारीखवारी आठवा. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. एप्रिलच्या मध्यात ते भोक वापरायचं हत्यार जगजाहीर झालं. १२ मे ला हल्ला. मधे एकोणसाठ दिवस होते. फाइल शेअर करायची विंडोजची जी सोय आहे, तिचा तो भाग कर्नलमध्येच चालतो, त्यामुळे ‘आम्ही अनोळखी लिंकवर क्लिक करत नाही’ म्हणणारेही त्यात सापडले. क्लिक कोणी करायचीच नव्हती. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडली. (त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला इंदूर पहिल्यांदा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं होतं. आम्ही जिलबीत गुंग होतो, त्यामुळे हल्ल्याची बातमी इथे कोणाच्या फारशी लक्षात राहिली नसावी.) जूनच्या शेवटी नॉटपेट्या नावाचं तसलंच दुसरं संकट आलं. त्याने पसरायला इतर वाटाही वापरल्या, पण हे भोकही वापरलंच. तेव्हा आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम खोळंबलं. दुरुस्ती येऊन साडेतीन महिने झाले होते.

आता शीर्षकातला कॉम्प्युटर. २०२५ च्या गणपतीत एका काकांकडे आरतीला गेलो होतो. आरतीनंतर प्रसादाबरोबर मशीनही समोर आलं. ‘मी अपडेट बंद केलेले नाहीत हं,’ काका म्हणाले, ‘आणि रोज रात्री नेमाने शटडाउन करूनच झोपतो.’ मी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये गेलो. खाली ‘अप टाइम’पुढे लिहिलेलं होतं ४१ दिवस आणि वर काही तास.

‘अरे, पण मी काल रात्रीच बंद केलाय!’

काका खोटं बोलत नव्हते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शटडाउन दाबलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून परत मेमरीत ठेवतात. म्हणून मशीन झटकन उठतं. पण कर्नल मात्र तोच, एक्केचाळीस दिवसांपूर्वीचा. त्यातून मेनूत ‘अपडेट अँड शटडाउन’ दिसलं की काका बरोबर त्याच्या शेजारचं नुसतं शटडाउन निवडायचे, झोपायला उशीर नको म्हणून. खरी नवी सुरुवात रिस्टार्ट दाबल्यावर होते, किंवा शिफ्ट धरून शटडाउन केलं तर. लिनक्सवरही वेगळं नाही. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसतो, पण रीबूट होईपर्यंत काम जुनाच करत असतो. चालत्या कर्नलला टाके घालायची सोय तिथे आहे, पण ती मुख्यतः सर्व्हरवाल्यांच्या कामाची.

अँटिव्हायरस आणि जुलै २०२४ हे दोन मुद्दे फॉरवर्डमध्ये वेगवेगळे आहेत, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. १९ जुलैला जे कोसळलं ते विंडोजच्या अपडेटने नव्हे. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर, म्हणजे अँटिव्हायरसच्याच जातकुळीतलं, कर्नलमध्ये बसलेलं होतं. त्याला त्या सकाळी ओळखखुणांची एक नवी फाइल मिळाली. फाइलच्या हिशेबाने एकवीस गोष्टी तपासायच्या, कोड पुरवत होता वीस. एकविसावी शोधायला तो नसलेल्या जागी गेला, आणि कर्नलमध्ये असली चूक झाली की सगळं मशीनच बसतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ज्यांनी विंडोजचे अपडेट वर्षभर बंद ठेवले होते, पण हे सॉफ्टवेअर होतं, तेही त्यात बुडाले. तेव्हा हे उदाहरण द्यायचंच असेल तर ‘चांगला अँटिव्हायरस टाका, पुरे’ ही ओळ आधी खोडा. अँटिव्हायरस नको असं मी म्हणत नाही, पण तो वॉचमन आहे. कर्नल म्हणजे ज्याच्याकडून वॉचमन किल्ल्या घेतो तो. वरचाच फितवला तर खालचा काय करणार!

अपडेट बिघडतात हे मात्र मान्य. माझ्याच हाताखाली एका दवाखान्याचा प्रिंटर एका अपडेटनंतर दोन दिवस मुका बसला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी मला जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. तेव्हापासून जिथे चार-पाच मशीन आहेत तिथे मी आधी एकावर घालतो, तीन-चार दिवस बघतो, मग बाकीच्यांवर. बॅकअप आधी. चार दिवस थांबणं वेगळं आणि कायमचं बंद ठेवणं वेगळं.

लिनक्सचं वर आलंच, तरी एक किस्सा राहवत नाही. मॅक्स केलरमान नावाच्या जर्मन प्रोग्रॅमरकडे ग्राहकांची तक्रार यायची की सर्व्हरच्या नोंदींची दाबून लहान केलेली फाइल उघडत नाही. दुरुस्त करून द्यायची, पुन्हा काही महिन्यांनी तेच. बघितलं तर बिघडलेल्या फाइली बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या, आणि शेवटचे आठ बाइट दरवेळी तेच चुकीचे. या धाग्यावरून तो कर्नलपर्यंत पोचला. २०२२ च्या मार्चमध्ये ते ‘डर्टी पाइप’ म्हणून जाहीर झालं. पुन्हा तेच, फक्त वाचायच्या फाइलीत लिहिता येणं. यात ५.८ च्या आधीचा कर्नल असलेले वाचले, हे फॉरवर्डवाल्यांनी खुशाल वापरावं. पण त्याने कळवल्यावर तीन दिवसांत ५.१० आणि ५.१५ सारख्या जुन्या, पण अजून सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांनाही दुरुस्ती मिळाली होती. सुरक्षेचा अपडेट म्हणजे नवं रंगरूप नव्हे. तुमचाच कर्नल, त्यात चार ओळी बदललेल्या.

चोरण्यासारखं काय आहे? बँकेचं लॉगिन, आधारच्या प्रती, सीएकडे तर दोनशे लोकांचे पॅन. आणि वॉनाक्राय चोरत नव्हतं, तुमच्याच फोटोंना कुलूप लावून तीनशे डॉलर मागत होतं.

राहता राहिला नवं घ्यायला लावण्याचा डाव. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट संपले. दिवाळीनंतर त्याच काकांकडे गेलो. त्यांचं मशीन २०१४ चं, विंडोज ११ त्याला घेत नाही. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळत होती, ते त्यांना सांगितलं. काका म्हणाले, ‘आणि त्यानंतर? म्हणजे चांगलं चालणारं मशीन टाकायलाच लावलं की नाही शेवटी?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जेल रोडवरून एक पेन ड्राइव्ह आणला आणि दोन तास बसून लिनक्स घालून दिलं. काकांनी पत्त्यांचा खेळ सापडतोय का ते बघितलं, मराठी टाइप करून बघितलं, आणि मग खालच्या कोपऱ्यात छोटी ढाल दिसली तिच्यावर बोट ठेवलं.

‘हे काय आहे?’

‘अपडेट, काका.’