माशाची अंडी फ्रीजमध्ये झोपत नाहीत, मरतात

परवा कागलच्या मामांच्या फ्रीजमध्ये केंदाळ, म्हणजे जलपर्णी, सापडलं. दुधाच्या पातेल्याशेजारी, स्टीलच्या डब्यात, पाण्यासकट. मुळ्यांना सायप्रिनस माशाची (कॉमन कार्प) अंडी चिकटलेली. पावसानं शेततळं काठोकाठ भरलंय, म्हणून मामांना पिल्लं थोडी उशिरा हवी होती. त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘माशाची ताजी अंडी लगेच फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत गर्भ झोपतो. हवं तेव्हा कोमट पाण्यात टाका, शंभर टक्के पिल्लं.’

कोण झोपतो? सायप्रिनसचं अंडं २०-२५ अंशांच्या पाण्यात दोन-तीन दिवसांत फुटतं. रोहू-कटल्याचं तर २८ अंशांना पंधरा-सोळा तासांत. तेवढ्यात एका पेशीपासून डोळे, कणा, धडधडणारं काळीज घडायचं असतं. पाणी चार-पाच अंशांवर आलं की पेशींचं विभाजन अडतं, त्यांची पातळ आवरणं ताठरतात. एकदा विस्कटलेली ही घडण नंतर ऊब दिली म्हणून सुधारत नाही. त्यातही सगळ्यात नाजूक असतात पहिल्या काही तासांतली अंडी, आणि मेसेज नेमकी तीच ठेवायला सांगतो! डबा उघडला तर काचेच्या मण्यांसारखी दिसायला हवीत ती अंडी चुन्याचे ठिपके पडल्यासारखी पांढरी. पांढरं म्हणजे मेलेलं. मामी विचारत होत्या, “आता कोमट पाण्यात टाकू का?” काय सांगणार त्यांना?

यावर कोणी म्हणेल, ‘परदेशात अंडी बर्फातून पाठवतात.’ हे खरं आहे, मानावंच लागेल. १८६४ साली इंग्लंडहून टास्मानियाला ट्राउटची अंडी जहाजातून बर्फात, ओल्या शेवाळात नेली आणि तिथं ती फुटली. पण ट्राउट थंड पाण्यातलीच जात. १० अंशांना तिचं अंडं फुटायला महिना-दीड महिना लागतो. सायप्रिनसला तो हिशोब लागू नाही.

‘शास्त्रज्ञ अंडी गोठवून ठेवतात.’ सर्रास गोठवतात ते नराचं वीर्य, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. गर्भ मोठा, बलकानं भरलेला. आत बर्फाचे स्फटिक धरले की पेशी फाटतात. २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भात सोन्याचे अतिसूक्ष्म कण टोचले, गर्भ गोठवले आणि लेझरनं क्षणात वितळवले. तेव्हा कुठं शंभरातले दहाएक तगले. घरच्या फ्रीजमध्ये हे होणार नाही.

‘थंडीत बुरशी लागत नाही’ हेही खोटं. मेलेल्या अंड्यांवर ती कापसासारखी धरते, आणि गार पाणी तिला मानवतं.

मामा, माशांची दुसरी जोडी अजून हौदात आहे. अंडी आली की केंदाळ सावलीतल्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या कप्प्यात, सोडा, पाणी हलतं ठेवा, पांढरी दिसतील ती काढून टाका. आणि मेसेज ज्यांना पुढं पाठवलात त्यांना आज रात्रीच फोन करा. मुरगूडच्या पाव्हण्यांनी उद्या सकाळीच अंडी फ्रीजमध्ये ठेवायची ठरवलंय.