मुखवट्याआडचा तो माणूस हेन्री नाही

होड्या शाकारून ठेवल्या, पाऊस लागला, की मालवणात आमच्याकडे ‘द फ्लॅश’, म्हणजे विजेच्या वेगाने धावणाऱ्या बॅरीची मालिका, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. यंदा त्यातल्या झूम या खलनायकाच्या कैद्याविषयी गावातल्या मुलांच्या मोबाइलवर एक संदेश फिरतोय: “झूमच्या कैदेत लोखंडी मुखवट्यात होता तो बॅरीचा बाबाच. हेन्री मेलाच नाही, म्हणून तोच नट परत दिसतो.”

हे चूक आहे. दुसऱ्या पर्वात, २०१६ मध्ये, झूम हेन्रीला बॅरीच्या डोळ्यांदेखत मारतो आणि तो मृत्यू खराच आहे. पुढच्याच भागात मुखवटा उतरतो तेव्हा दिसतो तो वेगळ्याच पृथ्वीवरचा (मालिकेत अशा समांतर पृथ्व्या आहेत), हेन्रीसारखाच दिसणारा माणूस: खरा जे गॅरिक, तिथला फ्लॅश. आधीच्या भागांत टेडी सीअर्स या नटाने रंगवलेला ‘जे’ तोतया होता, आतून तोच झूम. गॅरिक हे हेन्रीच्या आईचं माहेरचं आडनाव, हा धागा त्याच पर्वात येतो. पोरांनो, एवढ्या मेहनतीने पेरलेली गोष्ट ‘मेला नव्हता’ म्हणून उडवू नका. बापाचा चेहरा समोर, पण बाप नाही, हेच तर बॅरीचं दुःख.

नट एकच, हे मात्र बरोबर. जॉन वेस्ली शिप १९९० च्या जुन्या मालिकेत स्वतः बॅरी होते. माझ्या मते या निवडीइतकी सुंदर निवड नव्या मालिकेत दुसरी नाही. तो जुना बॅरीही २०१८ मध्ये नव्या मालिकेत परतला, पण जे गॅरिक म्हणून नव्हे, वेगळा फ्लॅश म्हणून. तेव्हा चेहरा एक, माणसं तीन. संदेश पुढे पाठवला असेल त्यांनी हेही पाठवा.